जेग्रुप्स: निरोप चोख पोचतो, पण खात्री नेमकी कशाची ते आधी वाचा

दहा सर्व्हरना एकच निरोप द्यायचा आहे. तो दहाही जणांना मिळायला हवा, पाठवला त्याच क्रमानं मिळायला हवा, आणि मध्येच एखादा सर्व्हर बसला तर उरलेल्या नऊ जणांना ते एकसारखं कळायला हवं. हे स्वतः सॉकेट (नेटवर्कची जोडणी) उघडून लिहायला घेतलं की पहिल्या आठवड्यात वाटतं, झालंच. पुढचं वर्ष मग उरलेलं निस्तरण्यात जातं. जावात काम करणाऱ्यांना हे काम तयार मिळतं ते जेग्रुप्स या लायब्ररीत. काम चोख आहे यात वाद नाही. पण ‘विश्वासार्ह’ या एका शब्दात आपण मनातल्या मनात जे जे धरून चालतो, त्यातलं काय मिळतं आणि काय मिळत नाही हे न बघता ती वापरली, तर दोष लायब्ररीचा नसतो.

बेला बान यांनी कॉर्नेल विद्यापीठात असताना, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, ‘जावाग्रुप्स’ या नावानं ही सुरू केली. केन बर्मन यांच्या आयसिस या प्रणालीपासून होरस आणि एन्सेम्बलपर्यंतची गट-संवादाची परंपरा त्याच विद्यापीठातली, आणि एकावर एक थर रचून हवी ती हमी तयार करायची कल्पना तिथूनच आली आहे. आज वाइल्डफ्लाय हा जावा सर्व्हर आणि इन्फिनिस्पॅन हा वितरित डेटासाठा यांच्या पोटात जेग्रुप्सच असते, त्यामुळे बरेच जण ती नकळतच चालवत असतात आणि लॉगमध्ये ‘जीएमएस’ (सभासदांची यादी ठेवणारा तिचा थर) दिसल्यावर पहिल्यांदा नाव वाचतात. परवाना अपाची २.०, म्हणजे पैशाचा प्रश्न नाही. ५ च्या मालिकेला किमान जावा ११ लागते. एकच जार फाइल, तिच्यामागे इतर जारची वरात नाही.

वापरायला सोपी आहे. कॉन्फिग फाइलचं नाव देऊन जेचॅनल बनवायचा, निरोप घेणारा रिसीव्हर त्याला जोडायचा, गटाचं नाव देऊन कनेक्ट करायचं, आणि सेंड करायचं. सेंड करताना पत्त्याच्या जागी नल दिलं की निरोप सगळ्यांना, एखाद्याचा पत्ता दिला की फक्त त्याला. सगळ्यांना पाठवलेला निरोप पाठवणाऱ्यालाही परत मिळतो, हे नवख्यांना हमखास चकवतं. खरी करामत कॉन्फिग फाइलमध्ये आहे. तळाला वाहतूक, म्हणजे यूडीपी (पोचल्याची हमी नाही, पण एकदम अनेकांना पाठवता येतं) किंवा टीसीपी (दोघांमधली हमीची जोडणी). त्यावर इतर सभासद शोधणारा थर, मग फुटलेले गट जोडणारा, मेलेले ओळखणारा, हरवलेले निरोप परत मागवणारा, सभासदांची यादी ठेवणारा, वेगाला लगाम घालणारा आणि मोठ्या निरोपाचे तुकडे करणारा. एखादा थर काढला की ती हमी गेली. आणि सगळ्या नोडवर, म्हणजे गटातल्या प्रत्येक सर्व्हरवर, थर तेच, त्याच क्रमानं हवेत. एका मशिनवर जुनी फाइल राहिली तर स्वच्छ एरर येईलच असं नाही. बऱ्याचदा तो नोड फक्त विचित्र वागतो.

हरवलेला निरोप परत कसा मिळतो ते जवळून बघण्यासारखं आहे. हे काम नॅकॅक२ या थराचं. शंभर सभासदांच्या गटात प्रत्येकानं प्रत्येक निरोपाची पोचपावती दिली तर एका निरोपामागे शंभर पावत्या पाठवणाऱ्याच्या डोक्यावर येतील. म्हणून इथे उलटं आहे: मिळालं तर गप्प बसायचं, नाही मिळालं तरच बोंब मारायची. प्रत्येक निरोपावर पाठवणाऱ्यानं घातलेला क्रमांक असतो. १, २, ३ आणि मग थेट ५ आला, की ४ ची मागणी जाते. ४ येईपर्यंत ५ थांबवून ठेवला जातो. एका पाठवणाऱ्याचे निरोप त्याच्या क्रमानं मिळण्याची हमी यातूनच येते.

आता यातली मेख. पाठवणाऱ्यानं १ ते ५ पाठवले आणि तो थांबला. घेणाऱ्याला ४ पर्यंत मिळाले, ५ वाटेत गळाला. पुढे ६ येतच नाही, त्यामुळे मध्ये भोक पडलंय हे घेणाऱ्याला कळायला मार्गच नाही. शेवटचा निरोप हरवला तर बोंब मारणार कोण? जुन्या मांडणीत याची भिस्त स्टेबल या थरावर असे. ‘माझ्याकडे कोणाचे कुठपर्यंत आले’ याचा गोषवारा सभासद अधूनमधून एकमेकांना देतात, त्यातून तफावत उघडी पडते. पण हा गोषवारा नमुना फाइलनुसार सरासरी ५० सेकंदांनी फिरतो. तासाला एकदा एखादी सेटिंग सगळ्यांना पाठवणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये एखादा नोड जवळजवळ मिनिटभर जुन्याच सेटिंगवर चालू शकतो, आणि लॉगमध्ये त्याचा मागमूस नसतो. आता नॅकॅक२ मध्येच ‘रिसेंड-लास्ट-सीक्नो’ ही सोय आहे: नवीन काही पाठवलं नसेल तर शेवटचा क्रमांक तो काही वेळा पुन्हा जाहीर करतो. आपल्या आवृत्तीत ती चालू आहे ना हे एकदा बघून घ्यावं. आणि खरोखरच सगळ्यांना मिळाल्याशिवाय पुढे जायचं नसेल, तर त्या निरोपावर आरएसव्हीपी हा शिक्का मारायचा आणि त्या नावाचा थर कॉन्फिगमध्ये घालायचा. मग सेंड तोवर, किंवा ठरवलेली मुदत संपेपर्यंत, अडून राहतं. प्रत्येक निरोपावर हा शिक्का मारणारे मग ‘जेग्रुप्स संथ आहे’ अशी तक्रार करतात.

स्टेबलचं दुसरं काम साफसफाईचं. कोणी मागितलाच तर द्यायला हवा म्हणून प्रत्येक निरोप जपून ठेवावा लागतो. सगळ्यांना मिळाला हे कळलं की तो टाकून देता येतो. म्हणजे एक जरी सभासद मागे पडला तरी बाकी सगळ्यांची मेमरी त्याच्यापायी फुगत जाते. ती बेसुमार फुगू नये म्हणून एमएफसी हा थर आहे. समजा प्रत्येक पाठवणाऱ्याला दर सभासदामागे २ एमबीची उधारी दिली आहे. पाठवलेल्या बाइट त्यातून वजा होतात, घेणारा निरोप उचलेल तशी उधारी परत भरतो. एकाही सभासदाच्या खात्यावर शिल्लक शून्य झाली की सेंड थांबतं, आणि ते सगळ्यांसाठीच थांबतं. बैलगाड्यांची रांग सगळ्यात संथ बैलाच्या चालीनं चालते, तसंच हे. एका नोडची डिस्क भरली आणि त्याचा रिसीव्हर तिथे अडकला, तर अख्खा गट थबकतो. हा दोष नाही, हमीची किंमत आहे. पण आपल्या कामाला ही किंमत परवडते का, हे आधी ठरवायला हवं. मागे पडलेल्याला मागेच सोडून पुढे जायचं असेल तर त्या निरोपांसाठी हे साधन नाही.

मेलेले ओळखण्याला दोन थर आहेत, आणि दोन्ही लागतात. एफडी-सॉक मध्ये प्रत्येक सभासद यादीतल्या आपल्या शेजाऱ्याशी एक टीसीपी जोडणी उघडून ठेवतो. प्रोसेस कोसळली की जोडणी तुटते आणि लगेच कळतं. पण केबल उपटली, स्विच बंद पडला किंवा प्रोसेस नुसतीच गोठली तर जोडणी तशीच राहते आणि एफडी-सॉकला पत्ता लागत नाही. त्यासाठी एफडी-ऑल ३: सगळ्यांनी ठरावीक काळानं हार्टबीट, म्हणजे ‘जिवंत आहे’ असा छोटा निरोप, द्यायची, मुदतीत एकही आली नाही की संशयित. ही मुदत ४० सेकंदांच्या आसपास असते, आणि ती पाहून प्रत्येक नव्या टीमला ५ सेकंद करायचा मोह होतो. मोठ्या हीपवर (जावाच्या मेमरीवर) जीसीचा, म्हणजे नको असलेली मेमरी मोकळी करताना प्रोग्रामला बसणारा, थांबा ५ सेकंदांच्या वर गेला की जिवंत नोड बाहेर फेकला जातो, जागा झाल्यावर स्वतःचा वेगळा गट करतो, मग विलीन होतो, पुढच्या थांब्याला पुन्हा तेच. मुदत कमी करण्याआधी जीसीचा लॉग काढून सगळ्यात लांब थांबा मोजा आणि मुदत त्याच्या किमान दुप्पट ठेवा. फायरवॉलवाल्यांसाठी: एफडी-सॉकला पोर्ट नेमून दिलं नाही तर तो हवं ते पोर्ट उचलतो. टीसीपीचं ७८०० उघडलं आणि हे विसरलं, तर शेजाऱ्याशी जोडणी होत नाही. नवीन एफडी-सॉक २ मध्ये हे पोर्ट मुख्य पोर्टपेक्षा १०० नं पुढचं, म्हणजे ७९००, त्यामुळे नियम लिहिणं सोपं झालंय.

सभासदांच्या यादीला ‘व्ह्यू’ म्हणतात. लॉगमध्ये ती अशी दिसते: आधी यादी करणाऱ्याचं नाव आणि अनुक्रमांक, मग एकूण संख्या, मग आलेल्या क्रमानं नावं. यादीत जो पहिला तो कोऑर्डिनेटर. निवडणूक वगैरे काही नाही, जो आधी आला तो कारभारी. तो गेला की पुढचा. साधं आहे आणि उत्तम चालतं.

मात्र नेटवर्क फुटलं की याच साधेपणाची दुसरी बाजू दिसते. पाच नोड, मधली लिंक तुटली, एकीकडे दोन, दुसरीकडे तीन. जेग्रुप्स दोन्ही बाजूंना आपापला कारभारी नेमून देते आणि दोन्ही गट लिहीत राहतात. लिंक जुळली की मर्ज३ हा थर दोघांना एकत्र आणतो आणि ‘मर्ज-व्ह्यू’ हातात देतो, त्यात कोणकोणते तुकडे होते तेही असतं. पण दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलं गेलेलं जुळवायचं कसं, हे ती सांगत नाही. तो तुमचा प्रश्न. सोबत मिळणाऱ्या कुलूप-सेवेचंही असंच: फुटलेल्या काळात एकच कुलूप दोन्हीकडे दोघांकडे असू शकतं. यावर बरेच जण एक उपाय करतात, व्ह्यू बदलला की सभासद मोजायचे आणि पाचातले तिनापेक्षा कमी असतील तर फक्त वाचन चालू ठेवायचं. कॅशसाठी, सेशनसाठी हे पुरतं. पण लिंक तुटल्यापासून ती तुटलीय हे कळेपर्यंतचे ते ४० सेकंद दोन जणांच्या बाजूलाही व्ह्यू पाचाचाच दिसत असतो आणि लेखन चालूच असतं. पैशाचे हिशेब, तिकिटाची जागा, अनुक्रमांक देणं अशा कामांना त्याच मंडळींचं वेगळं जेग्रुप्स-राफ्ट आहे, तिथे बहुमताशिवाय लेखन होतच नाही. तीन सभासद असतील तर एक गेलेला चालतो, पाच असतील तर दोन. मूळ जेग्रुप्सवर स्वतःची बहुमताची पद्धत रचायला जाऊ नये.

क्रमाबद्दलही हाच घोळ होतो. हमी आहे ती एका पाठवणाऱ्याच्या निरोपांच्या क्रमाची. अ आणि ब दोघांनी एकाच वेळी पाठवलं तर क ला अ आधी आणि ड ला ब आधी मिळू शकतो. सगळीकडे एकच क्रम हवा असेल तर सिक्वेन्सर हा थर घाला. मग प्रत्येक निरोप आधी कोऑर्डिनेटरकडे जातो आणि तो क्रमांक देऊन पुढे पाठवतो. एक टप्पा वाढतो आणि सगळा भार एका नोडवर येतो.

बसवताना घाई नको. आधी जेग्रुप्सच्या जारमधलीच मल्टिकास्ट (एकच निरोप नेटवर्कवरून एकदम अनेकांना) चाचणीची जोडी चालवा: एका मशिनवर मॅककास्ट-रिसीव्हर-टेस्ट, दुसऱ्यावर मॅककास्ट-सेंडर-टेस्ट, दोन्हीकडे पत्ता आणि पोर्ट एकच. इकडे टाइप केलेलं तिकडे उमटलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. मग ‘ड्रॉ’ हा डेमो: दोन खिडक्या, एकीत रेघ ओढली की दुसरीत उमटते, आणि शीर्षकात सभासदांची संख्या दिसते. ती १ वरच राहिली तर चुकीचं नेटवर्क कार्ड निवडलं गेल्याची शक्यता सगळ्यात जास्त. ज्या लॅपटॉपवर डॉकर किंवा व्हीपीएन आहे तिथे तर नक्कीच बघा. बाइंड-पत्ता स्वतः द्या, किंवा ‘मॅच-अ‍ॅड्रेस’ वापरून १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता घ्यायला सांगा.

सुरू होताना लॉगमध्ये एक इशारा येतो: अमुक एमबीचा रिसीव्ह बफर मागितला, ऑपरेटिंग सिस्टिमनं फक्त २१२.९९ केबी दिला. याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. लिनक्सची मूळ मर्यादा २,१२,९९२ बाइट आहे, त्यावरचं आलेलं कर्नल गुपचूप फेकतं, आणि मग नॅकॅक२ परत मागत बसतो. गर्दीच्या वेळी पुनर्प्रेषण वाढून नेटवर्क आणखी तुंबतं. सिसकंट्रोलमध्ये (लिनक्स कर्नलच्या सेटिंगमध्ये) ‘नेट-कोर-आरमेम-मॅक्स’ २,६२,१४,४०० म्हणजे २५ एमबी करा, आणि मशीन रीबूट झाल्यावर ते टिकेल अशा ठिकाणी लिहा.

सगळ्यात फसवा बिघाड स्विचचा. गट नीट जमतो, चार-साडेचार मिनिटं सुरळीत चालतो, आणि मग सगळे एकमेकांना संशयित ठरवू लागतात. रीस्टार्ट केलं की पुन्हा चार मिनिटं ठीक. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट हवं त्याच पोर्टवर सोडणं) चालू आहे पण त्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या त्या वेगळ्या भागात) क्वेरियर, म्हणजे ‘कोणाला हवंय’ असं ठरावीक काळानं विचारणारा, नाही, असं इथे बहुतेकदा निघतं. कोणत्या पोर्टवर कोणाला मल्टिकास्ट हवंय ही नोंद स्विच ठेवतो, क्वेरियरनं विचारलं तरच मशिन ती ताजी करतात, आणि न विचारता ती २६० सेकंदांत शिळी होते: प्रश्नाचा १२५ सेकंदांचा काळ दोनदा, अधिक उत्तराचे १०. नेटवर्कवाल्यांना ‘मल्टिकास्ट चालू आहे का’ असं विचारू नका, ‘हो’ म्हणतील. ‘या व्हीलॅनमध्ये क्वेरियर कोण आहे’ असं विचारा. आणि मल्टिकास्टची चाचणी दोन मिनिटांची नको, दहा मिनिटांची करा.

क्लाउडमध्ये बहुतेक ठिकाणी मल्टिकास्ट मिळत नाही, तिथे टीसीपी. मग एक निरोप प्रत्येकाला वेगळा पाठवावा लागतो: दहा सभासद, १ केबीचा निरोप, बाहेर जातात ९ केबी. छोट्या गटाला काही फरक पडत नाही, शंभराला पडतो. सभासद शोधायला टीसीपी-पिंगमध्ये पत्ते हातानं लिहिता येतात, पण नोड येत-जात असतील तर जेडीबीसी-पिंग, म्हणजे डेटाबेसच्या एका तक्त्यात पत्ते, किंवा कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीवर) डीएनएस-पिंग किंवा कुबे-पिंग बरं.

कोड लिहिताना एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. रिसीव्हरच्या आतून दुसऱ्या नोडला प्रश्न पाठवायचा आणि उत्तराची वाट बघत तिथेच थांबायचं. एका पाठवणाऱ्याचे निरोप क्रमानंच द्यायचे असल्यामुळे त्याचा पुढचा निरोप तुमच्या थांबलेल्या थ्रेडमागे (चालू कामाच्या धाग्यामागे) रांगेत उभा राहतो. तुम्ही वाट बघताय ते नेमकं त्याच रांगेत असलं तर दोघंही अडकले. रिसीव्हरमध्ये निरोप फक्त उचलायचा, काम वेगळ्या थ्रेडवर द्यायचं; आणि क्रमाची गरज नसलेल्या निरोपावर ‘आउट ऑफ बँड’ चा शिक्का मारायचा. व्ह्यू बदलल्याच्या कॉलबॅकमध्ये तर अजिबात थांबू नये.

सुरक्षेच्या बाबतीत मूळ फाइल म्हणजे दार सताड उघडं. पत्ता, पोर्ट आणि गटाचं नाव जुळलं की कोणीही आत. नमुना फाइलमधलंच पोर्ट ४५५८८ आणि गटाचं तेच नाव टेस्ट आणि प्रॉडक्शन दोन्हीकडे राहिलं, आणि दोन्ही एकाच नेटवर्कवर असली, तर टेस्टचा सर्व्हर प्रॉडक्शनच्या यादीत सभासद म्हणून मिरवतो. नुसती नावं वेगळी ठेवली तर निरोप टाकून दिले जातात, पण लॉग इशाऱ्यांनी भरतो. म्हणून पत्ता, पोर्ट आणि नाव तिन्ही वेगळं ठेवा. त्यावर ऑथ (सभासदाची ओळख तपासणारा थर) आणि निरोप कूटबद्ध करणारा सिम-एन्क्रिप्ट किंवा असिम-एन्क्रिप्ट घाला.

पर्यायांचं थोडक्यात. सी, पायथन, जावा अशा सगळ्यांनी एकाच गटात बोलायचं असेल तर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घडलेला स्प्रेड बघा: दर मशिनवर वेगळा डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) चालवायचा, पोर्ट ४८०३, आणि हमीची पायरी निरोपागणिक निवडायची, अगदी ‘सगळ्या डीमनकडे पोचल्यावरच द्या’ इथपर्यंत. जेग्रुप्समध्ये निरोप टिकवून ठेवणं नाही. जो त्या वेळी गटात नव्हता त्याला तो निरोप कधीच मिळत नाही, उशिरा आलेल्यानं ‘गेट-स्टेट’ करून चालू स्थिती मागून घ्यायची. उद्या येऊन कालचे निरोप वाचायचे असतील तर काफ्का किंवा रॅबिटएमक्यू ही निरोप साठवणारी साधनं, तिथे जेग्रुप्सचं नावही काढू नये.

आवृत्तीबद्दल शेवटचं. ५.० मध्ये निरोपाची मांडणीच बदलली, त्यामुळे ४ आणि ५ चे नोड एका गटात बसत नाहीत. एकेक सर्व्हर बदलत जायचं तर मधल्या काळात दोन्हीकडचे निरोप जीआरपीसीवरून (दूरच्या प्रोग्रामला हाक मारण्याच्या एका पद्धतीनं) पोचवणारा त्यांचा वेगळा अपग्रेड सर्व्हर लावावा लागतो, नाहीतर सगळं एकदम बंद करून चालू करावं लागतं. जुन्या फाइलमधला काढून टाकलेला गुणधर्म राहिला तर चॅनल सुरूच होत नाही आणि कोणता गुणधर्म ओळखला नाही ते नावानिशी सांगतो. ही सक्ती चांगली आहे. नेटवर सापडलेली कोणाची तरी जुनी फाइल चिकटवण्याऐवजी आपल्या आवृत्तीच्या जारमधली यूडीपी किंवा टीसीपीची फाइल काढा, लागतील तेवढ्या चार-पाच ओळी बदला आणि कोणती ओळ का बदलली ते शेजारीच लिहून ठेवा.